हातातला कागद : पॅरिसचा १९५४ चा हिवाळा

#थ्रेड #इतिहास

१/
१ फेब्रुवारी १९५४, पहाटेचे तीन. पॅरिसच्या मध्यवस्तीतील बुलव्हार सेबास्तोपोल या हमरस्त्याच्या पदपथावर एक स्त्री थंडीने गोठून मरण पावली. तिने एक कागद छातीशी घट्ट धरून ठेवला होता. दोनच दिवसांपूर्वी तिला राहत्या घरातून बाहेर काढण्यात आले होते. त्या हुकुमाचा तो कागद होता. त्या दिवशी दुपारी ही बातमी रेडिओवरून साऱ्या फ्रान्सने ऐकली आणि पुढच्या काही तासांत जे घडले ते आजही सांगितले जाते. त्यानंतरच्या वर्षांत त्या कागदाचे काय झाले, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. हा थ्रेड त्याविषयी.

२/
या मृत्यूचे मूळ त्या रात्रीच्या बरेच मागे सापडते. १९१४ मध्ये, पहिल्या महायुद्धाच्या आरंभी, फ्रान्समध्ये घरभाडी गोठवण्यात आली. आघाडीवर गेलेल्या सैनिकांची कुटुंबे रस्त्यावर येऊ नयेत, हा हेतू रास्तच होता. पण युद्ध संपल्यावरही हे निर्बंध या ना त्या रूपात चालू राहिले. मिळणाऱ्या भाड्यात परवडेना म्हणून मालक डागडुजी करीनात, आणि नवी घरे बांधण्यात कोणी पैसा घालीना. मुंबईच्या जुन्या चाळींची कहाणी ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे गणित उलगडून सांगण्याची गरज नाही.

३/
त्यात दुसरे महायुद्ध आले. बाँबवर्षावात आणि लढायांत लाखो इमारती पडल्या किंवा मोडकळीस आल्या. युद्धानंतरच्या पुनर्बांधणीत पहिला मान कोळसा, पोलाद, वीज आणि रेल्वे यांना मिळाला. घरे मागे राहिली. त्याच वर्षांत जन्मदर झपाट्याने वाढला आणि खेड्यांतून शहरांकडे लोंढे येऊ लागले. १९५४ च्या जनगणनेनुसार फ्रान्समधील सुमारे चाळीस टक्के घरांत नळाचे पाणी नव्हते आणि न्हाणीघर तर दहातील एकाच घराला होते. ज्यांना घर होते त्यांची ही स्थिती.

४/
ज्यांना घर नव्हते ते मोडक्या बसगाड्यांत, पत्र्याच्या खोपटांत, तंबूंत आणि भाड्याच्या कोंदट खोल्यांत राहत होते. त्यांत कारखान्यात रोज कामावर जाणारे कामगार होते, त्यांच्या बायका होत्या, तान्ही मुले होती. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी : फ्रान्सच्या दंडसंहितेनुसार ठरावीक निवारा व उपजीविका नसताना भटकत राहणे हा तेव्हा गुन्हा होता. नेपोलियनच्या काळातला, १८१० सालचा हा नियम १९९४ पर्यंत टिकून होता. पदपथावर झोपलेला माणूस कायद्याच्या नजरेत आधी आरोपी आणि मग गरजू असे.

५/
या पार्श्वभूमीवर एक धर्मगुरू पुढे येतो. आंरी ग्रुएस, जन्म १९१२, लिओं शहरातील सधन कुटुंबातला. नाझी अंमलात भूमिगत चळवळीत वावरताना त्याने ‘आबे पिएर’ हे टोपणनाव घेतले आणि पुढे जग त्याला त्याच नावाने ओळखू लागले. युद्धानंतर तो संसदेवर निवडून आला. पॅरिसच्या पूर्वेकडील नई-प्लेझांस या उपनगरात त्याने एक पडके, मोठे घर घेतले आणि त्याला ‘एमाउस’ हे बायबलमधील गावाचे नाव दिले.

६/
१९४९ मध्ये त्याच्याकडे एका माणसाला आणण्यात आले. शिक्षा भोगून आलेला, घरच्यांना नकोसा झालेला, आत्महत्येचा प्रयत्न केलेला. आबे पिएरने त्याला काही देऊ केले नाही. उलट बेघर कुटुंबांसाठी घरे उभारायच्या कामात हात लावायला बोलावले. एमाउस चळवळ येथून सुरू झाली. खासदारकी १९५१ मध्ये संपली, तिचा पगारही थांबला. तेव्हा या मंडळींनी कचऱ्यातून चिंध्या, कागद, धातू वेचून विकायला सुरुवात केली आणि त्या भंगाराच्या पैशांतून बेघरांसाठी निवारे उभे राहू लागले.

७/
पैसा तरीही पुरत नसे. १९५२ मध्ये आबे पिएर चक्क रेडिओ लक्झेंबर्गवरील प्रश्नमंजूषेच्या कार्यक्रमात जाऊन बसला आणि २ लाख ५६ हजार फ्रँक जिंकून आला. रेडिओ एका क्षणात किती घरांत शिरतो, हे त्याला तेथे उमगले असावे. दोन वर्षांनी तो पुन्हा त्याच केंद्राच्या ध्वनिक्षेपकासमोर उभा राहणार होता.

८/
जानेवारी १९५४ च्या आरंभी, ३ आणि ४ तारखेच्या मधल्या रात्री, नई-प्लेझांसमध्ये एका जुन्या बसगाडीच्या सांगाड्यात राहणाऱ्या कुटुंबाचे तान्हे बाळ थंडीने दगावले. त्याच सुमारास संसदेच्या वरिष्ठ सभागृहापुढे तातडीच्या निवाऱ्यांसाठी एक अब्ज फ्रँक राखून ठेवण्याचा प्रस्ताव आला होता. तो फेटाळण्यात आला. पैसा नाही, असे नव्हते. हा खर्च आत्ताच करण्याजोगा निकडीचा आहे, हे सभागृहाला पटले नव्हते.

९/
आबे पिएरने पुनर्बांधणी मंत्री मोरिस लमेर यांना अनावृत पत्र लिहिले. ते ‘ल फिगारो’ या दैनिकात छापून आले. तुम्ही ज्या रात्री निधी नाकारला त्या रात्री मेलेल्या बाळाचे दफन अमुक वेळी आहे, आपण यावे, असा त्याचा आशय होता. मंत्री ७ जानेवारीला खरोखरच आले आणि त्या चिमुकल्या शवपेटीमागून चालले. मंत्रालयात तातडीच्या निवाऱ्यांचा विचार त्यानंतर सुरू झाला. पण थंडी मंत्रालयासाठी थांबणारी नव्हती. महिनाअखेरीस पॅरिसचा पारा उणे १५ अंशांच्या आसपास उतरला.

१०/
१ फेब्रुवारीच्या दुपारी आबे पिएर रेडिओ लक्झेंबर्गवर बोलला. भाषण काही मिनिटांचेच. पहिल्या वाक्यांतच बुलव्हार सेबास्तोपोलवरील ती स्त्री आणि तिच्या हातातला कागद आला. शहरात रोज रात्री दोन हजारांहून अधिक लोक उघड्यावर कुडकुडतात, हे त्याने सांगितले. पाँतेओंजवळ तंबूत आणि कुर्बव्हुआ येथे उघडलेली दोन मदतकेंद्रे भरून वाहत आहेत, प्रत्येक वस्तीत अशी केंद्रे आजच उघडली पाहिजेत, असे आवाहन केले. आणि मग नेमकी यादी दिली : ५,००० कांबळी, ३०० मोठे तंबू, २०० स्टोव्ह. आणून द्यायचे ठिकाण : ला बोएसी रस्त्यावरील रोचेस्टर हॉटेल.

११/
त्या यादीकडे जरा थांबून पाहू, कारण थंडीने मरण कसे येते हे तीतून कळते. शरीराचे आतले तापमान ३५ अंशांखाली गेले की धोका सुरू होतो, आणि ते केवळ हवेमुळे उतरत नाही. उघड्यावर झोपलेल्याची ऊब तीन वाटांनी निघून जाते : वाऱ्याने, ओल्या कपड्यांतून आणि अंगाखालच्या गार फरशीतून. म्हणून अंगावरच्या पांघरुणाइतकेच अंगाखालचे अंथरूणही मोलाचे. आबे पिएरच्या आवाहनात पांघरुणाबरोबर पेंढ्याचाही उल्लेख होता, तो याचसाठी. पेंढा नसेल तर जाड पुठ्ठ्याचे थरही उपयोगी पडतात.

१२/
दारूने ऊब येते, हा घातक समज आहे. दारूने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. अंग गरम वाटते आणि आतली उष्णता बाहेर निघून जाते. थंडी फार चढली की माणसाची थरथर थांबते, जीभ जड होते, बोलणे असंबद्ध होते. वाटसरू त्याला दारुडा समजून पुढे निघून जातात. अशा माणसाला वाऱ्यापासून आडोशाला न्यावे, ओले कपडे काढून कोरड्यात गुंडाळावे, आधी छाती-पोटाला ऊब द्यावी, हातपाय चोळू नयेत आणि रुग्णवाहिका बोलवावी. शुद्धीत असेल तरच गरम, गोड पेय पाजावे. आणि बंद तंबूत वा खोलीत कोळशाची शेगडी कधीही पेटती ठेवून झोपू नये. तिचा विषारी वायू झोपेतच जीव घेतो.

१३/
आवाहनाला मिळालेला प्रतिसाद कल्पनेपलीकडचा होता. हॉटेलचे टेलिफोन अखंड खणखणू लागले. ला बोएसी रस्ता गाड्यांनी आणि माणसांनी तुंबला. कोणी पांघरुणे आणली, कोणी कोट, कोणी दागिने. हॉटेलात जागा उरली नाही, तेव्हा सीन नदीकाठचे ऑर्से रेल्वे स्थानक कोठार म्हणून वापरावे लागले. आज तेथे जगप्रसिद्ध चित्रसंग्रहालय आहे. फ्रेंच वृत्तपत्रांनी या उसळीला ‘चांगुलपणाचा उठाव’ असे नाव दिले. एकूण देणग्या सुमारे ५० कोटी फ्रँकच्या घरात गेल्या.

१४/
त्यांतले २० लाख फ्रँक चार्ली चॅप्लिनने दिले. आपण दान करीत नसून परतफेड करीत आहोत, असे तो म्हणाल्याचे सांगतात. पडद्यावर ज्या भणंगाचे सोंग त्याने वर्षानुवर्षे आणले आणि लंडनमधल्या बालपणी जे दारिद्र्य प्रत्यक्ष भोगले, त्या दोघांचा तो पैसा होता. काही आठवड्यांतच संसदेने तातडीच्या घरांसाठी दहा अब्ज फ्रँक एकमताने मंजूर केले. जानेवारीत जे सभागृह एक अब्जाला नाही म्हणत होते, त्याच संसदेने दसपट रक्कम दिली. सुमारे १२,००० घरे बांधायचे ठरले.

१५/
बहुतेक कथा येथे संपतात. प्रत्यक्षात अडचणी येथून सुरू झाल्या. ‘तातडीच्या वसाहती’ घाईत आणि स्वस्तात बांधल्या गेल्या. पातळ भिंती, गळकी छते, शहरापासून लांबची जागा. काही वर्षांतच त्यांतल्या अनेक राहण्याजोग्या उरल्या नाहीत. पण लोक राहतच होते, कारण तात्पुरत्यानंतरचे कायमचे घर कोणी बांधले नव्हते.

१६/
न्वाझी-ल-ग्रां येथील छावणी हे त्याचे सर्वांत बोलके उदाहरण. आधी तेथे तंबू होते. मग अर्धगोल, सिमेंटी पत्र्यांच्या झोपड्या आल्या. आकारावरून त्यांना ‘इग्लू’ म्हणत. अडीचशेच्या आसपास कुटुंबे, चिखल, मोजके नळ. एका हिवाळ्यापुरती उभारलेली ही वस्ती कित्येक वर्षे हलली नाही. दानाची लाट ओसरल्यावर तेथे पोचणारी मदत म्हणजे मुख्यतः जुने कपडे आणि रांगेतले सूप.

१७/
१९५६ मध्ये जोझेफ व्रेझिन्स्की हा धर्मगुरू तेथे राहायला आला. तो स्वतः अत्यंत दरिद्री घरात वाढला होता. त्याने सूपवाटप बंद करवले आणि ग्रंथालय, बालवाडी, धुलाईघर सुरू केले. अनेकांना हे निष्ठुर वाटले. पण रोज रांगेत उभे केल्याने माणसाची भूक भागते आणि मान खाली जाते, हे त्याला बालपणापासून ठाऊक होते. पुढच्याच वर्षी छावणीतील कुटुंबांसह त्याने जी संघटना स्थापली, ती आज ‘एटीडी कार मोंद’ म्हणून ओळखली जाते. १७ ऑक्टोबर हा आंतरराष्ट्रीय दारिद्र्य निर्मूलन दिन तिच्याच प्रयत्नांतून आला.

१८/
आता त्या कागदाकडे परत येऊ. ३ डिसेंबर १९५६ रोजी फ्रान्समध्ये एक छोटासा कायदा झाला. १ डिसेंबर ते १५ मार्च या काळात, न्यायालयाचा निकाल मालकाच्या बाजूने असला तरी, भाडेकरूला घराबाहेर काढता येणार नाही. याला ‘हिवाळी तह’ म्हणतात. पुढे ही मुदत वाढत गेली. आज ती १ नोव्हेंबर ते ३१ मार्च अशी आहे. २०१३ पासून याच काळात थकबाकीसाठी घराची वीज आणि गॅस तोडण्यासही मनाई आहे. बुलव्हार सेबास्तोपोलवरील त्या स्त्रीला जानेवारीअखेर बाहेर काढणे या कायद्यानंतर शक्य झाले नसते.

१९/
या कायद्याला मर्यादा आहेत. थकलेले भाडे माफ होत नाही. मालकाची तक्रार कायम राहते. आणि १ एप्रिल उजाडला की घर खाली करवणारे अधिकारी पुन्हा दार ठोठावतात. ज्याच्यापाशी मुळात भाड्याचे घरच नाही, त्याला हा तह काहीच देत नाही. तरीही त्याचे एक वैशिष्ट्य आहे. त्यासाठी कोणाचे हृदय दर वर्षी नव्याने द्रवावे लागत नाही. रेडिओवर कोणी बोलो वा न बोलो, नोव्हेंबर आला की तो आपोआप लागू होतो.

२०/
रस्त्यावर आधीच आलेल्यांसाठी उत्तर यायला आणखी बराच काळ गेला. कित्येक वर्षे पॅरिसचे पोलीस भटक्यांना गाडीत कोंबून शहराबाहेर नांतेरला नेऊन सोडत. १९९३ मध्ये झाविए एमानुएली या डॉक्टरने ‘सामू सोसियाल’ ही सेवा सुरू केली. तिचे तत्त्व साधे होते : जो सर्वांत अधिक खचला आहे तो मदत मागायला येत नाही, म्हणून मदतीनेच त्याच्याकडे जायचे. परिचारिका, समाजसेवक आणि चालक यांचे पथक रात्रभर शहरात फिरते आणि ११५ या मोफत क्रमांकावर निवारा मागता येतो. जबरदस्ती नाही, नकार दिला तरी पथक पुन्हा येते.

२१/
डिसेंबर २००६ मध्ये पॅरिसच्या सें-मार्तें कालव्याकाठी ‘दों किहोतेची मुले’ या गटाने लाल तंबूंची रांग उभी केली आणि घरदार असलेल्या नागरिकांना तेथे येऊन झोपण्याचे आमंत्रण दिले. मार्च २००७ मध्ये घराच्या हक्काला न्यायालयात दाद मागण्याजोगे स्वरूप देणारा कायदा झाला. आणि रस्त्यावरील मृत्यूंची नोंद ठेवणाऱ्या ‘ले मोर द ला रू’ या गटाच्या आकड्यांतून एक अस्वस्थ करणारी गोष्ट दिसत आली आहे : बेघर लोक बाराही महिने मरतात, बहुधा पन्नाशीच्या आत. थंडीत फक्त आपले लक्ष जाते.

२२/
ही फक्त फ्रान्सची गोष्ट नाही. डिसेंबर २००९ मध्ये, ऐन हिवाळ्यात, दिल्लीच्या पुसा रस्त्यावरील एक रात्रनिवारा महापालिकेने पाडला. जानेवारी २०१० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने वृत्तपत्रातील बातमीवरून स्वतःहून दखल घेतली. अन्नहक्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही मोठ्या शहरांत दर लाख लोकसंख्येमागे एक निवारा असावा, आणि तो बारमाही व चोवीस तास चालावा, असे आदेश दिले. ‘बारमाही’ हा शब्द महत्त्वाचा. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे १७.७ लाख बेघर मोजले गेले. त्यांना उन्हाळा आणि पावसाळाही काढायचा असतो.

२३/
फ्रान्समधील १८१० च्या नियमाचे भावंडही आपल्याकडे आहे, आणि त्याचे नाव आपल्याला जवळचे आहे : ‘मुंबई भिक्षा प्रतिबंधक अधिनियम, १९५९’. हा कायदा पुढे दिल्लीलाही लागू झाला. उपजीविकेचे दृश्य साधन नसताना सार्वजनिक जागी भटकणाऱ्यालाही भिकारी ठरवून पकडता येईल, अशी त्याची व्याख्या आहे. पकडले जाण्याच्या भीतीने माणूस उजेड, वर्दळ आणि मदतीची गाडी या तिन्हींपासून लपतो, आणि थंडीत लपणे जीवघेणे असते. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये दिल्लीपुरती त्यातील भीक मागण्यास गुन्हा ठरवणारी कलमे रद्द केली.

२४/
आबे पिएरविषयीचे उत्तरसत्य सांगितल्याशिवाय हा थ्रेड पुरा करणे अप्रामाणिक ठरेल. २००७ मध्ये तो वारला तेव्हा फ्रान्सने त्याला संतासारखा निरोप दिला. जुलै २०२४ मध्ये एमाउसनेच नेमलेल्या चौकशीचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्याने लैंगिक अत्याचार केल्याचे अनेक स्त्रियांनी सांगितले होते. नंतर आणखी साक्षी आल्या, काही बालवयातील अत्याचारांच्या. चर्चमधील काही वरिष्ठांना १९५० च्या दशकातच याची कल्पना होती, हेही उघड झाले. त्याच्या नावाच्या संस्थेने २०२५ मध्ये ते नाव काढून टाकले. ज्या प्रतिमेपुढे देश नतमस्तक झाला, त्याच प्रतिमेच्या दडपणाखाली त्या स्त्रिया गप्प राहिल्या.

२५/
मग १९५४ च्या त्या हिवाळ्याचे काय करायचे? त्या रात्रींत ज्यांना पांघरूण मिळाले ते जगले, हे खरेच राहते. पण ती कांबळी कधीच विरली, तातडीची घरे पडली आणि नायकाचे नाव पाट्यांवरून उतरले. टिकून राहिला तो एक रूक्ष, बिननावाचा कायदा : अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत कोणाला घराबाहेर काढू नये. दर वर्षी १ नोव्हेंबरला फ्रान्समधील कित्येक घरांत तसलाच एक कागद टेबलावर पडून असतो आणि माणसे घरातच असतात. त्या स्त्रीचे नाव ठाऊक असण्याचे त्यांना काहीच कारण नाही.

(समाप्त)